हाडं विलायतेला जायची

बी.ए. झाल्यानंतरचा तो हिवाळा मी आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात काढला. ऊन जिकडे सरकेल तिकडे खाट सरकवायची, मांडीवर शॉर्टहँडची वही ठेवायची आणि पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजते का, याकडे कान लावायचा. अर्ज तीन-चार खात्यांत गेलेले होते, उत्तर एकाचंही येत नव्हतं. सकाळी नऊच्या आत सगळ्या क्वार्टरांतले पुरुष डबे घेऊन बस स्टॉपकडे निघून जात आणि मग गल्ली बायकांची होई. समोरच्या पंजाबी मावशी गाजरं किसत, रेडिओ लावत. वरच्या मजल्यावरच्या बंगाली घरातून मोहरीच्या तेलाचा वास उतरे. शेजारच्या कर्णिक काकू कुंपणावरून विचारत, "काय गं विमल, आज काय भाजी? मेथी? अच्छा, मग मी पण मेथीच करते." इतक्या सगळ्या प्रांतांची माणसं एकमेकांना चिकटून राहत होती, पण कोण कुठून आलं हे गावाच्या नावापलीकडे कुणी फार खोदून विचारत नसे. मला तेव्हा वाटे, माणसं किती सभ्य आहेत. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या न विचारण्याचा किती आधार होता, हे मला त्याच हिवाळ्यात कळलं.

दादा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मोजकं. दिल्लीत नोकरीला लागताना त्यांनी जुनं आडनाव टाकून गावाचं नाव लावलं होतं, सावरखेडकर. त्यावरून कुणाला काही कळायचं नाही. आमचं घर गावकुसाबाहेरचं. धर्म बदलून आम्ही बौद्ध झालो त्याला बरीच वर्षं झाली होती, पण बुद्धाची मूर्ती आमच्याकडे बाहेरच्या खोलीत नव्हती. ती आतल्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाच्या वरच्या खणात होती आणि आई रोज सकाळी कपाट उघडून तिच्यापुढे फूल ठेवायची. "वडील काय करायचे?" असं कुणी विचारलंच, तर दादा म्हणत, "गावी शेती होती." शेती होती हे खरं होतं. ती दुसऱ्यांची होती, एवढंच ते सांगत नसत.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे आत्या आली होती. दादांची थोरली बहीण. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिल्लीच्या मोठ्या हॉस्पिटलात करायचं म्हणून दादा स्वतः गावी जाऊन तिला घेऊन आले होते. तिच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी आणि दुसऱ्या डोळ्याने सगळीकडे बघणं. बारीक, काळी, ताठ. येताना तिने ज्वारीच्या पिठाची पिशवी, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. दिल्लीच्या गव्हाच्या पोळ्यांना ती "ही चिंधी काय चावायची?" म्हणायची आणि गॅससमोर उभं राहून भाकरी थापायची. तो थापण्याचा आवाज ऐकला की दादा ऑफिसातून आल्या आल्या बूट न काढताच क्षणभर दारात थांबत. साऱ्या जगात त्यांना "ए पांडू" अशी हाक मारणारं एवढं एकच माणूस उरलं होतं. आत्याच्या शब्दाला दादांनी नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

नोकरीचं उत्तर शेवटी पोस्टाने आलंच नाही. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या गेस्ट हाउसमध्ये दादांच्या ओळखीचे एक बाबू होते, त्यांनी निरोप पाठवला. एक इंग्रज बाई दिल्लीला आली आहे, जुनी कागदपत्रं वाचते आहे, त्यांत मुंबईकडच्या मराठी चिठ्ठ्या आहेत. तिला दोन-तीन महिन्यांसाठी टायपिंग येणारी, इंग्रजी-मराठी वाचणारी मुलगी हवी आहे. "बडे घर की औरत है," बाबू म्हणाले. "लेडी आहे, लेडी. मिसेस म्हणायचं नाही."

लेडी थ्रेलबी मला पहिल्यांदा दिसल्या त्या जनपथजवळच्या जुन्या सरकारी दफ्तराच्या पायऱ्यांवर. मी कल्पना केली होती हॅटची आणि मोत्यांच्या माळेची. समोर होती साठीची एक उंच, हाडकुळी बाई, कोपरावर ठिगळ लावलेलं स्वेटर घातलेली, हातात कापडी पिशवी, पिशवीत सफरचंद. तिने माझा हात हातात घेतला आणि माझं नाव तीनदा म्हणून पाहिलं. माझ्या आडनावाशी तिची झटापट दुपारपर्यंत चालली होती. चौथ्या दिवशी आम्ही कँटीनमध्ये ब्रेड पकोडा खात बसलो होतो, तेव्हा मी धीर करून विचारलं, की तुम्ही हे सगळं कशासाठी शोधता आहात. तिने हात पुसले आणि सासरच्या घराण्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती गोष्ट चांगले आठ दिवस, रोज थोडी थोडी, चालली.

तिच्या नवऱ्याचे खापरपणजोबा, जोसेफ नावाचे, हाडं गोळा करायचे. मी टाइप करायची वही बाजूला ठेवली ती तेव्हा. इंग्लंडमधल्या एका दमट, नदीकाठच्या गावात गाढवाची गाडी घेऊन हा माणूस दारोदार हिंडे आणि स्वयंपाकघरातली टाकलेली हाडं उचले. सुऱ्यांच्या मुठी करणारे, बटणं करणारे ती घेत. उरलेला चुरा तो झोपडीमागे फेकून द्यायचा. एका वसंतात त्याच्या लक्षात आलं, की झोपडीमागचं गवत गुडघाभर वाढलंय आणि शेजारच्यांचं घोट्याएवढंच आहे. लिहिता-वाचता न येणारा तो माणूस त्या गवतात बसून राहिला, असं त्यांच्या घरात सांगत. मग त्याने एक मोडकी पवनचक्की घेतली आणि तिच्यात धान्याऐवजी हाडं दळायला लागला. गावाने नाकं मुरडली, चर्चमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसेना. पण त्याचं पीठ ज्या शेतात पडलं तिथे सलगमाचे गड्डे डोक्याएवढे झाले. त्याच्या मुलाने हाडांत तेजाब मिसळलं, म्हणजे ती मातीत लवकर विरघळत. मग नदीवर धक्का आला, धक्क्यावर जहाजं आली, चिमणी उभी राहिली. आसपासच्या गावांची हाडं संपली तेव्हा परदेशातून यायला लागली. जुन्या लढायांच्या मैदानांवरचीसुद्धा आली म्हणतात, त्यात माणसांची किती आणि घोड्यांची किती हे कुणी पाहिलं नाही. नातू राजाच्या हातून 'सर' झाला आणि म्हातारपणी 'लॉर्ड'. घराण्याला निशाण मिळालं. त्यावर काय असावं, हे त्यानेच ठरवलं.

"काय होतं त्यावर?" मी विचारलं.

"गव्हाची पेंढी," लेडी थ्रेलबी म्हणाल्या. "हाड नाही. आमच्या घरात तो शब्दच कुणी उच्चारत नाही. माझ्या सासूबाई 'आपला कारखाना' एवढंच म्हणत. मी साध्या घरातून आलेली सून. म्हणून मला हे लिहावंसं वाटतं. घरातल्या मुलांना त्यात काही नवल वाटत नाही."

मला मात्र नवल सोडून दुसरं काही वाटत नव्हतं. घरी जाताना बसमध्ये दांडीला धरून मी उभी असे आणि डोळ्यांपुढे ती पवनचक्की फिरत असे. टाकलेल्या हाडापासून लॉर्ड! आणि तीनच पिढ्यांत! ज्याच्याशेजारी कुणी बसत नव्हतं, त्याच्या नातवापुढे माणसं वाकून उभी राहिली. मी हे रोज जेवताना आई-दादांना सांगायची. आईला ती गोष्ट आवडे, ती मधेच "मग?" म्हणे. दादा खाली मान घालून जेवत. "हाडं" हा शब्द आला की त्यांचा घास जरा थांबे, हे माझ्या लक्षात आलं असतं, तर पुढचं मी इतक्या उत्साहाने सांगितलं नसतं. आज माझी दिल्लीतल्याच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये वाढलेली नात मला "आजी, पाटी म्हणजे स्लेट ना?" विचारते आणि डोक्यावरची पाटी तिला समजावून सांगताना मी अडखळते. पण तेव्हा मीच काही वेगळी नव्हते. दिल्लीत वाढलेली मुलगी, घरातल्या माणसांनी काय डोक्यावर वाहिलं होतं, ते मला कुठे ठाऊक होतं.

एका बुधवारी जुन्या कागदांचा एक बस्ता निघाला. फिकट लाल फीत, आत रेल्वेशी झालेला पत्रव्यवहार. थ्रेलबींच्या कारखान्यासाठी हाडं गोळा करणारी मुंबईची एक पेढी होती, तिला मालडबे हवे होते. एका स्टेशन मास्तरने तक्रार लिहिली होती, की हाडांचे डबे उतारूंच्या फलाटापासून लांब उभे करावेत, बायका पदराने नाक दाबून गाडीत चढतात. त्याच्यामागे एक यादी होती, कोणकोणत्या स्टेशनांवर हाडांचा माल जमतो त्याची. मी टाइप करण्यासाठी एकेक नाव मोठ्याने वाचत होते आणि एका नावावर माझा आवाज बंद झाला.

लेडी थ्रेलबींनी मान वर केली. उठून माझ्या खांद्यावरून कागद पाहिला. बोट ठेवून हळूहळू वाचलं, "सा-वर-खेड रोड." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण विमल, हे तर तुझं नाव आहे."

"आमचं गाव," मी म्हणाले. मला वाटलं, केवढा योगायोग! हसूच आलं मला. जगाच्या दोन टोकांना असलेली दोन गावं एका कागदावर भेटली होती आणि ती मला सापडली होती.

घरी आल्यावर मी चप्पल काढता काढताच ते सांगितलं. दादा खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी काहीतरी फोडलं आहे.

"बाईला काय सांगितलंस?" दादा म्हणाले.

"आमचं गाव आहे म्हणून सांगितलं. का?"

"एवढंच?"

"अजून काय सांगणार? मला कुठे काय माहीत आहे?"

दादा म्हणाले, "कागदात सापडलं ना, कागदातच राहू दे. पुढे बोलायचं नाही."

आतल्या खोलीतून आत्या आली. भिंतीला हात लावत, उघडा डोळा आमच्याकडे करून. "काय सापडलं?" तिने विचारलं. दादा म्हणाले, "काही नाही, अक्का." पण मी सांगून टाकलं, की आपल्या स्टेशनवरून हाडं विलायतेला जायची, त्याची यादी आहे, आणि ज्यांच्या कारखान्यात जायची त्या घरची बाई इथे दिल्लीत आली आहे.

आत्या खाटेवर बसली. "आपलं टेशन? त्या बाईच्या कागदात?" मग ती हसायला लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. "पांडू, आरं मी म्हनत नव्हते, इलायतेला जात्यात म्हनून? समदे मला येडी म्हनायचे." हसणं थांबल्यावर ती सरळ बसली आणि म्हणाली, "बोलाव त्या बाईला जेवाया. मला तिला एक इचारायचंय."

"अक्का, नको," दादा म्हणाले. आत्याला दिलेला, मी ऐकलेला त्यांचा हा पहिला नकार.

"का नको? मी चोरी केली का?"

दादा उठून अंगणात गेले. थंडीत, शाल न घेता, बराच वेळ उभे राहिले. आत आले तेव्हा मला म्हणाले, "रविवारी बोलाव. पण कर्णिक वहिनींना चारनंतर यायला सांग. त्यांनाही बाई बघायची असेल. मात्र चारच्या आधी नको."

आईने मटण केलं. आत्याने मसाला भाजला, भाकऱ्या थापल्या आणि मला बजावलं, "नळी तिच्या ताटात वाढ." लेडी थ्रेलबी काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून उतरल्या तेव्हा गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. घरात आल्यावर त्यांनी विचारल्याशिवाय बूट काढले, आत्याच्या शेजारी सतरंजीवर बसल्या, गुडघे कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं तरी भाकरी सोडली नाही. आत्या हाताने खूण करून त्यांना नळी कशी चोखायची ते दाखवत होती. एक बाई लॉर्डाच्या घरची, एक आमची, दोघी माना वर करून नळ्या चोखताहेत, हे मी डोळे भरून पाहिलं. मग लेडीबाईंनी, आत्या त्यांना हेच म्हणायची, रिकामं हाड ताटाच्या कडेला ठेवलं. आत्याने ते उचललं. बोटांनी पुसलं, तोललं, आणि मला म्हणाली, "सांग तिला. असली म्या लई येचली."

दादांना इंग्रजी माझ्याहून चांगलं येत होतं. पण ते खिडकीशी बसून राहिले आणि भाषांतराचं काम माझ्यावर पडलं. आत्या एक वाक्य बोले, थांबे, मी ते इंग्रजीत सांगे. त्या दिवशी मी जे पहिल्यांदा ऐकलं, ते ऐकत असतानाच मला दुसऱ्याला सांगावं लागलं. रडायला सवडच नव्हती.

आठ-नऊ वर्षांची असल्यापासून आत्या तिच्या आईबरोबर हाडं वेचायला जायची. गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्याच घरांचं. पण ही हाडं नंतरची, गिधाडांनी साफ केलेली, उन्हाने पांढरी पडलेली. रानात, ओढ्याच्या काठी, बांधाच्या कडेला. डोक्यावर पाटी, पाटीत हाडं, चालताना ती एकमेकांवर वाजायची. "खडाक खडाक वाजायचं. मला त्यो आवाज आवडायचा," आत्या म्हणाली. पावसाळ्यात वासाने जेवण जात नसे. स्टेशनच्या मागे ढीग असे, माणसापेक्षा उंच. धाकटा पांडू, म्हणजे दादा, बाभळीखाली बसून राही, त्याला कुत्र्यांची भीती वाटे. एका वर्षी पाटलाचा बैल मेला. सर्जा त्याचं नाव. पोळ्याला आत्याने त्याला लांबून पाहिलं होतं, झूल घातलेला, शिंगं हिंगुळाने रंगवलेली. त्याच्या जवळ जायची तिला मुभा नव्हती. दोन महिन्यांनी ओढ्यात तिला एक कवटी सापडली आणि शिंगाला थोडा लाल रंग अजून होता. "तवा म्या त्याला हात लावला. कुनी बघाया न्हवतं. लई येळ हात लावून बसले. मंग पाटीत टाकला."

लेडी थ्रेलबींनी लिहिणं थांबवलं होतं.

"त्या हाडांवर ह्याची पाटी आली, पेन्सील आली, सदरा आला," आत्याने दादांकडे हात केला. "साळंत घालायचा ह्याला, असं आईनं ठरीवलं. मी पोरीची जात, मला कोन घालतंय. पन म्हटलं, येचीन मी. आता तिला इचार. ती हाडं तिकडं नेऊन काय करत व्हते? कुनी म्हनायचं साखर पांढरी करत्यात, कुनी म्हनायचं बटनं. मुकादमाला इचारलं तर हाकलून द्यायचा. सारा जलम गेला, मला कळलं न्हाई."

मी विचारलं. लेडी थ्रेलबींनी पेन बंद केलं आणि आत्याकडे तोंड करून, जणू तिला इंग्रजी समजतंच आहे अशा रीतीने, हळू सांगितलं. दळायचे. तेजाबात भिजवायचे. शेतात घालायचे. त्याने सलगम येई, गहू येई, तो चारा खाऊन मेंढरं पोसत.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. हातातल्या हाडाकडे तिने एका डोळ्याने पुन्हा पाहिलं.

"म्हंजी आमच्या सर्ज्याचा तिकडं गहू झाला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. देवळाचं दार उघडून कुणी आत घ्यावं आणि आत काय आहे ते पहिल्यांदा दिसावं, तसा तिचा चेहरा झाला होता. "एवढा समींदर वलांडून गेला आन् गहू झाला." मग थोड्या वेळाने, "आन् आमच्या रानात दगडं ऱ्हायली."

हे शेवटचं वाक्य इंग्रजीत सांगायला मी कचरले. दादांनी ते सांगितलं. खिडकीशी बसल्या बसल्या, स्वच्छ, एकेक शब्द वेगळा करून. त्या दुपारचे त्यांचे ते पहिले शब्द.

लेडी थ्रेलबींनी मान हलवली. "हो," त्या म्हणाल्या. "तसंच झालं." बाकी काही सारवासारव त्यांनी केली नाही आणि त्याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो. मग त्यांनी विचारलं, की हे मी पुस्तकात लिहू का, नावासकट.

"लिव्ह की," आत्या म्हणाली. "सोनाबाई लिव्ह."

दादा म्हणाले, "तिचं नाव लिहा. माझं नको."

चार वाजता कर्णिक काकू नवी साडी नेसून आल्या. "अय्या, खाली बसल्यात!" त्या माझ्या कानात म्हणाल्या. लेडी थ्रेलबींना त्यांनी दिल्लीची थंडी कशी वाटते ते विचारलं, चिवडा खायला लावला. मग आत्याकडे वळून म्हणाल्या, "काय अक्का, बाईंशी कसल्या गप्पा झाल्या?" आत्याने दादांकडे पाहिलं. दादांची नजर खाली होती. "शेतीच्या," आत्या म्हणाली आणि त्यानंतर टॅक्सी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. साता समुद्रापलीकडच्या बाईला जे सांगता आलं, ते भिंतीपलीकडच्या बाईला सांगता येत नव्हतं. त्या दिवशी मला दादांचा राग आला. आता, त्यांच्या त्या वेळच्या वयाहून मी मोठी झाल्यावर, येत नाही. लेडी थ्रेलबी टॅक्सीत बसून निघून जाणार होत्या. कर्णिक काकू उद्या सकाळी कुंपणावरून भाजी विचारणार होत्या.

आत्याची पट्टी निघाली, ती गावी गेली. लेडी थ्रेलबी मायदेशी गेल्या. जुने कागद हाताळायची गोडी मला तिथेच लागली होती. पुढे मी ग्रंथपाल झाले ती त्याच ओढीने. दादा पूर्वीसारखेच राहिले, इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं, "गावी शेती होती." त्या दुपारचा विषय आमच्या घरात पुन्हा कधी निघाला नाही. मला वाटलं, संपलं ते.

पुस्तक आलं ते दोन हिवाळे उलटल्यावर. जाड पुठ्ठा, वर सोनेरी गव्हाची पेंढी. पार्सल दादांच्याच हाती पडलं. मी कामावरून आले तेव्हा ते दाराशी उभे होते, बूट पायात, पिशवी खांद्याला, आणि पुस्तक मध्यावर उघडलेलं. किती वेळ ते तसे उभे होते, आईलाही सांगता आलं नाही. दीड पान होतं आत्यावर. त्यात सोनाबाई होती, पाटी होती, सर्जाच्या शिंगावरचा लाल रंग होता. 'आमच्या रानात दगड राहिले' हे वाक्य होतं आणि त्याच्याखाली लेडी थ्रेलबींनी स्वतःचं एक वाक्य लिहिलं होतं, की आमच्या घराण्याने ज्यांचे आभार कधी मानले नाहीत, त्यांच्यापैकी या एका बाईच्या हातचं मी जेवले.

दादांनी पुस्तक मिटलं. "चल," मला म्हणाले.

"कुठे?"

"कर्णिकांकडे."

दादा त्या घरात संक्रांतीशिवाय कधी आपण होऊन गेले नव्हते. कर्णिक काका बनियनवर स्वेटर घालून रेडिओ ऐकत बसले होते, ते गडबडून उठले. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "या या, सावरखेडकर साहेब. सब ठीक?"

"वहिनी, आमच्या अक्काचं नाव पुस्तकात छापून आलंय," दादा म्हणाले. "विलायतेच्या. वाचून दाखवायला आलो."

"अय्या, खरंच? बसा ना, वाचा की, बिल्कुल वाचा!"

दादा खुर्चीच्या कडेला बसले. चष्मा लावला. इंग्रजी वाक्य मनात वाचायचे आणि मराठीत म्हणायचे. पहिल्या दोन ओळींतच काकूंचा चेहरा बदलला, काकांनी रेडिओ बंद केला. दादा थांबले नाहीत. मेलेली जनावरं, पाटी, ढीग, कुत्री. त्यांचा आवाज ऑफिसात टिपण वाचावं तसा सपाट होता. मग ते वाक्य आलं, जे मी दारात उभी राहून त्यांच्या खांद्यावरून वाचलं होतं: तिचा धाकटा भाऊ, जो आज दिल्लीत सरकारी अधिकारी आहे, त्या हाडांवर शाळेत गेला. त्यात नाव नव्हतं. त्यांनीच नको म्हटलं होतं.

दादा त्या ओळीवर थांबले. चष्म्यावरून काकूंकडे पाहिलं.

"आणि त्या हाडांवर," ते म्हणाले, "मी शाळेत गेलो."

मग उरलेलं पान त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

काकू उठून आत गेल्या. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आवाज नाही. काका म्हणाले, "हे स्टेशन नेमकं कुठं येतं हो?" इतकं साधं विचारल्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. काकू ट्रे घेऊन आल्या. त्यांचे डोळे लाल होते, ते कशाने, हे मी कधी विचारलं नाही. मी कपांकडे बघत होते. चारही सारखेच, त्यांच्या घरातले नेहमीचे. दादांनी कपाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते टीपॉयवर बोटाने रूळ काढून कर्णिक काकांना समजावत होते, की हा फलाट, ही बाभळ, आणि या दोघांच्या मधे, इथे, ढीग असायचा.